साखरेची वेणी

एल्मविकमध्ये "हे मी केलं" असं म्हणणं म्हणजे प्रवचन चालू असताना मोठ्यानं हसण्यासारखं आहे. शिक्षा कुणी करत नाही, पण विसरतही कुणी नाही. नवी होडी बांधली तर म्हणायचं, "तरंगते आहे, झालं." पोरगी देखणी निघाली तर म्हणायचं, "नाकीडोळी बरी आहे." आणि जो कुणी छाती पुढे काढून चालेल, त्याच्याबद्दल सरोवराच्या दोन्ही काठांवर एकच प्रश्न विचारला जातो, की हा स्वतःला समजतो कोण?

म्हणून गुस्ताव्हा रिदेलनं पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं.

तिचा नवरा पिंपं बनवायचा. मार्चमधल्या कच्च्या बर्फावरून घसरगाडी घेऊन सरोवर ओलांडायला निघाला आणि घोड्यासकट खाली गेला. मागे राहिली गुस्ताव्हा आणि सात वर्षांची टेक्ला. नगरमंडळानं दया येऊन विधवेला गोड पदार्थ करून विकायची परवानगी दिली. पण करायचं काय? केक-बिस्किटांना गावात ब्रोमान बेकरीवाला होता, आणि त्याच्या भट्टीपुढे हिची चूल म्हणजे पोरखेळ.

पुढचा हिवाळा तिनं साखरेशी भांडण्यात घालवला. पाक एकदा जळायचा, एकदा दाणेदार व्हायचा. एकदा तर असा चिकटला की कढईच टाकून द्यावी लागली. मग एके दिवशी हेरिंगच्या लोणच्याच्या बरणीतलं व्हिनेगर कढईत सांडलं आणि पाकाचे दाणे व्हायचेच थांबले. माशांचा वास मारत होता तो भाग वेगळा. पुढच्या खेपेला तिनं कोरं व्हिनेगर घातलं, पेपरमिंटच्या तेलाचे थेंब टाकले, भिंतीत नवऱ्याचा लोखंडी आकडा ठोकला आणि गरम पाक त्यावर टाकून ओढायला लागली. ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. तळहात भाजायचे. ओढता ओढता पिवळा पाक दुधासारखा पांढरा व्हायला लागला तेव्हा तिला रडूच आलं.

आकार मात्र सुचेना. एका शनिवारी ती टेक्लाची वेणी घालत होती आणि टेक्ला "आई, हळू गं!" म्हणून बोंबलत होती. गुस्ताव्हाची बोटं केसांत होती आणि डोळे आकड्यावर. अर्धी वेणी तशीच सोडून ती उठली. दोन पेड पांढरे, एक किरमिजी. पहिली वेणी वेडीवाकडी झाली, ती टेक्लानं खाल्ली. दुसरीही तिनंच खाल्ली. तिसरीला टेक्लानंही हात लावला नाही, इतकी ती सुरेख होती.

बाजाराच्या दिवशी बंदरावरच्या बायका तिच्या टोपलीभोवती जमल्या. कोळणींतल्या एकीनं ओठ मुडपून विचारलं, "हे काय नवीनच?"

त्या "नवीनच"मध्ये काय काय होतं ते गुस्ताव्हाला बरोबर कळलं. दादला बुडून वर्ष झालं नाही आणि बाईला कल्पना सुचायला लागल्या. ती चटकन म्हणाली, "नवीन कसलं, बाई! माझी आई करायची. आमच्याकडे दक्षिणेला, रानात, सगळेच करतात."

"असं होय! जुनं आहे तर," कोळीण म्हणाली, आणि एकदम चार हात टोपलीत गेले.

आता गुस्ताव्हाच्या आईबद्दल खरं सांगायचं तर ती बाई साखरेची ढेप पेटीत कुलूप लावून ठेवायची आणि किल्ली कमरेला. जमिनीवर सांडलेला खडा चाटला म्हणून तिनं लहानग्या गुस्ताव्हाच्या बोटांवर साखर फोडायच्या अडकित्त्यानं मारलं होतं. तिनं आयुष्यात कुणासाठी काही गोड केलं असेल तर ते देवालाच ठाऊक. टेक्ला पोटात असतानाच ती वारली. पण ती दूर रानातल्या खेड्यात मेली आणि तिथंच पुरली गेली. एल्मविकमध्ये तिला कोण ओळखत होतं? मेलेल्या आईच्या नावावर गोडवा खपवला तर कुणाचं काय जातंय, असं गुस्ताव्हाला वाटलं.

फक्त टेक्लाला हे गणित समजलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीसाहेबांच्या बायकोनं तिच्या गालाला हात लावून विचारलं, "आजीच्या वेण्या आवडतात ना गं तुला?" तेव्हा पोर ठणकावून म्हणाली, "आजीच्या नाहीत काही! माझ्या आईनंच शोधून काढल्या. माझे केस बघून!"

पाद्रीणबाईंच्या भुवया वर गेल्या. आजूबाजूच्या चार माना वळल्या. गुस्ताव्हानं पोरीच्या कानफटात दिली, तिथल्या तिथं, पायऱ्यांवर. "मोठ्यांच्या तोंडावर खोटं बोलतेस?" टेक्ला रडली नाही. गालावर हात ठेवून आईकडे बघत राहिली.

पंधरा वर्षं गेली. एवढ्यात वेणी गावाची झाली. दृढीकरणाच्या रविवारी, म्हणजे पोरं चर्चची पुरती सभासद होतात त्या दिवशी, नव्या कपड्यांत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात आईबाप वेणी द्यायला लागले. लग्नात नवरीच्या मैत्रिणींना वेण्या वाटायची पद्धत पडली. कुणी पाडली ते कुणाला आठवेना. पाद्रीसाहेबांनी एकदा प्रवचनात "आपल्या वाडवडिलांचा साधा गोडवा" असा तिचा उल्लेख केला, आणि खालच्या बाकावर गुस्ताव्हा मान खाली घालून हसू दाबत बसली. तिला गंमत वाटत होती. आपण मेल्यावर टेक्ला ही चूल चालवील, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि मग एके सकाळी ब्रोमानच्या खिडकीत वेण्या लटकल्या.

गुस्ताव्हा तशीच ॲप्रनवर दुकानात शिरली. "ब्रोमान, ही काय तऱ्हा?"

ब्रोमान हात पुसत पुसत बाहेर आला. गडी गोरागोमटा, गोड बोलणारा. "या, गुस्ताव्हाबाई! कॉफी घेणार?"

"कॉफी राहू दे. ही वेणी माझी आहे."

"तुमची?" त्यानं डोळे मोठे केले. "तुमच्या आईची ना? तुमच्याकडे रानात सगळेच करतात ना? तुम्हीच तर पंधरा वर्षं सांगताय. रीतीला कुठं मालक असतो, बाई?"

ती तशीच दाराबाहेर आली. स्वतःच्या तोंडचा शब्द कुणी असा धुऊन, इस्त्री करून आपल्याच हातात देईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

नगराध्यक्ष साहेबांनी तिचं ऐकून घेतलं. एल्मविकचा नियम साधा होता: गावात जी वस्तू कुणी नव्यानं आणली, ती त्याच्या हयातीत दुसऱ्यानं करायची नाही. जुन्या रीतीची वस्तू मात्र सगळ्यांची. "तेव्हा, बाई, प्रश्न एवढाच आहे," साहेब म्हणाले, "की तुम्ही ही वेणी आईकडून शिकलात, की तुम्ही स्वतः केलीत?"

तिला तोंड उघडून "मी" म्हणता येईना. शेवटी म्हणाली, "कुणी पाहिलं होतं असं सांगितलं तर चालेल?"

पाहिलेलं एकच माणूस होतं.

त्या संध्याकाळी टेक्ला राय धान्याचा पाव कापत होती. बावीस वर्षांची, उंच, पाद्रीसाहेबांकडे शिवणाला जाणारी. ब्रोमानचा मुलगा वाल्फ्रिद उन्हाळ्यातल्या नाचापासून तिच्या मागेपुढे करत होता. खिडकीत वेण्या दिसल्या त्या दिवशी गुस्ताव्हानं स्पष्ट सांगितलं होतं, त्या घरात माझी मुलगी जायची नाही. टेक्ला म्हणाली होती, "ठीक आहे, आई. संपलं ते." इतक्या सहज म्हणाली की गुस्ताव्हाला पोरीचा अभिमान वाटला होता.

"टेक्ला, तुला आठवतं ना सगळं? ती पहिली वेणी?"

"न आठवायला काय झालं? माशांचा वास येत होता."

"वास पहिल्या पाकाला, वेणीला नव्हे. साहेबांसमोर येऊन सांगशील? शपथेवर?"

टेक्लानं पाव खाली ठेवला आणि गालावर हात ठेवून हसली. "आता खरं बोललं तर चालेल म्हणतेस?"

गुस्ताव्हाही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालेल गं, बाई. चुकलंच माझं तेव्हा."

"येईन मी," टेक्ला म्हणाली आणि परत पाव कापायला लागली.

सुनावणीपर्यंतचे दिवस गुस्ताव्हानं ते एक वाक्य म्हणून बघण्यात घालवले. पाक ओढता ओढता आकड्याला सांगायची, "ही वेणी मी केली." आवाज घोगरा निघायचा. परत म्हणायची. कुणी खिडकीशी आलं की एकदम स्तोत्र गुणगुणायला लागायची.

सुनावणीला अर्धं गाव आलं. बाहेर बर्फ, आत शेगडी फुललेली, आणि ओल्या लोकरीचा वास. समोर नगराध्यक्ष साहेब, त्यांच्या बाजूला पाद्रीसाहेब. ब्रोमान आणि वाल्फ्रिद पुढच्या बाकावर, दोघांचे केस पाणी लावून चपटे.

आधी ब्रोमाननं बंदरावरच्या म्हाताऱ्या लेनाला उभं केलं. लेना म्हणाली, माझ्या दृढीकरणाला मला वेणी मिळाली होती, चांगली आठवते.

साहेबांनी विचारलं, "लेनाआजी, तुमच्या दृढीकरणाला किती वर्षं झाली?"

"साठ असतील."

"आणि वेणी दिली कुणी?"

"गुस्ताव्हाबाईनं!" म्हातारी म्हणाली. खोलीत हशा पिकला. गुस्ताव्हाही हसली, तिला वाटलं, सगळं आता सोपं होणार.

मग साहेबांनी तिला उठवलं. ती उभी राहिली, दोन्ही हातांनी पुढचं बाक धरलं आणि बोलली.

"ही वेणी मी केली. आईनं नाही. आई करायची असं मी सांगितलं ते खोटं होतं. मीच केली."

आयुष्यात पहिल्यांदा. मागून कुणीतरी पुटपुटलं, "अगं बाई, मोठीच लागून गेली!" गुस्ताव्हाचे कान तापले, पण तिनं मान खाली घातली नाही. तिला आतून फार हलकं वाटत होतं, नव्या कपड्यांत उभं राहिल्यासारखं.

"तुमची साक्षीदार तुमची मुलगी आहे," साहेब म्हणाले. "पोटच्या पोरीची साक्ष एरवी आम्ही धरत नाही. समोरच्याची हरकत नसेल तरच. ब्रोमान?"

"माझी काही हरकत नाही, साहेब," ब्रोमान लगेच म्हणाला. "पोरगी देवाला भिऊन वागणारी आहे."

तिथंच गुस्ताव्हाच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ती दाराकडे बघत होती.

टेक्ला कोट घालूनच पुढे आली. पाद्रीसाहेबांनी तिला बजावलं की खोटी शपथ घेतली तर पावपाण्याची कैद आहे, आणि ती भोगून आल्यावरही प्रभुभोजनाला तुला कुणी जवळ करणार नाही, जन्मभर तुझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. टेक्लानं मान हलवली. बायबलवर हात ठेवला.

"वेणी माझी आजी करायची," ती म्हणाली. "आईची आई. मी लहान असताना आई मला तिच्याकडे, रानात, राहायला घेऊन गेली होती. मी स्टुलावर बसून बघायचे. तिनंच आईला शिकवली."

गुस्ताव्हाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, पोर घाबरली, आता सावरेल. टेक्ला समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होती, संथ, शाळेत पाठ म्हणतात तशी.

"तुला हे नक्की आठवतं?" साहेबांनी विचारलं.

"हो. एकदा पाद्रीणबाईंसमोर मी याच्या उलट बोलले होते. तेव्हा आईनं माझ्या कानाखाली मारली आणि म्हणाली, खोटं बोलू नको. पायऱ्यांवर खूप लोक होते."

"होतो की आम्ही!" मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली. पाद्रीसाहेबांनी सावकाश मान डोलावली. त्यांनाही ते ऐकून ठाऊक होतं.

शेगडीजवळ फार उकडत होतं. टेक्लानं कोटाची वरची बटणं काढली. आत गळ्याशी लाल रेशमी रुमाल होता, घडी अजून मोडलेली नव्हती. एल्मविकमध्ये असा रुमाल एकच माणूस देतं, होणारी सासू. बायकांच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. ब्रोमानची बायको गुडघ्यावरचे हातमोजे सरळ करत बसली.

गुस्ताव्हा त्या रुमालाकडे बघत राहिली. कधी? ज्या संध्याकाळी पाव कापत होती, तेव्हाही हा रुमाल घरात होता? कुठं, उशीखाली? मी रोज आकड्याला वाक्य म्हणून दाखवत होते आणि ही पलीकडच्या खोलीत स्वतःचं पाठ करत होती? केसानं गळा कापणं म्हणतात ते तिनं जन्मभर ऐकलं होतं. आज ते तिला गळ्याशी जाणवलं.

"गुस्ताव्हाबाई," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आता कीव होती, आणि कडकपणाही. "तुम्ही म्हणता, तुम्ही केली. मुलगी शपथेवर म्हणते, आजीनं. दोघींतली एक खोटं बोलते आहे. तुम्ही शपथ घेतलेली नाही, तिनं घेतली आहे. मला एकच सांगा. तुमची आई कधी वारली?"

आणि तेव्हा टेक्लाचा चेहरा बदलला. हा प्रश्न तिच्या पाठात नव्हता. तिचा बायबलवरचा हात घामानं चमकत होता आणि ती तो उचलायला विसरली होती.

गुस्ताव्हाला उत्तर ठाऊक होतं. तिच्या आईच्या गावच्या चर्चलाही ते ठाऊक होतं; एक घोडेस्वार पाठवला की झालं. खरी तारीख सांगायची, एवढंच. मग वेणी तिची, हयातभर. ब्रोमानच्या खिडकीतून वेण्या उतरतील. आणि ही रेशमी रुमालवाली पावपाण्यावर बसेल.

तिला राग इतका आला होता की क्षणभर तेच बरं वाटलं. बसू दे. बसू दे तिला कोठडीतल्या दगडावर, कळू दे. तिनं तोंड उघडलं.

"टेक्ला पाच वर्षांची असताना," ती म्हणाली.

"म्हणजे मुलगी खरं बोलते?"

"खरं बोलते."

"मग मघाशी तुम्ही..."

"हाव सुटली मला, साहेब," गुस्ताव्हा म्हणाली. "वाटलं, आपल्याला एकटीला मिळेल."

बाकांवरून एक समाधानाचा उसासा गेला. हे त्यांना समजण्यासारखं होतं. हाव सुटते माणसाला; पण पिंपवाल्याच्या बायकोनं काहीतरी स्वतःच्या डोक्यातून काढलं, हे पचायला जड होतं. पाद्रीसाहेबांनी तिच्याकडे मायेनं बघितलं. चुकलेलं मेंढरू परत आलं होतं.

"लेखनिकाला लिहून घ्यायचं आहे," साहेब म्हणाले. "रीत जुनी ठरवायची तर ती कशी आली ते हवं. आईनं तुम्हाला कसं शिकवलं?"

गुस्ताव्हानं परत बाक धरलं. बोलायला लागली. आधी अडखळत, मग सलग.

"आईला गोडाची फार हौस. साखरेची ढेप टेबलावरच असायची आमच्याकडे, कुणीही फोडून घ्यावी. पाक दाणेदार व्हायचा, तर आईनंच एकदा त्यात व्हिनेगर घालून बघितलं. लोणच्याचं होतं, माशांचा वास आला, आम्ही दोघी हसून हसून लोळलो. मग आईनं आकडा ठोकला. माझे हात भाजायचे, तर फुंकर घालायची. म्हणायची, ओढ अजून, बघ कसा पांढरा होतोय. आणि आकार..." ती थांबली. "आकार तिला माझ्या केसांवरून सुचला. शनिवारी ती माझी वेणी घालायची. एकदा अर्ध्यातच सोडून उठली आणि साखरेची घातली. पहिली मला खायला दिली."

लेखनिकाची लेखणी कुरकुरत होती. दोघीतिघी बायकांनी डोळे टिपले. कोळीण शेजारणीला म्हणाली, "बघ, आई असावी तर अशी."

"नाव काय आईचं?"

"माग्दा. माग्दा योन्सदोत्तर."

साहेबांनी निकाल वाचून दाखवला: माग्दा योन्सदोत्तर या बाईकडून चालत आलेली, जुन्या रीतीची वेणी, सबब ती सगळ्या गावाची, ज्याला करायची त्यानं करावी. ब्रोमान उठून गुस्ताव्हाशी हात मिळवायला आला आणि "चला, घरातल्या घरातच राहिलं म्हणायचं" असं काहीतरी बोलला. तिनं हात दिला. हात कुणाचा आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं.

ती टेक्लाकडे बघत होती. पोरीनं एकदा मान वर करून आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं. लाजून, रागानं, रडत, कसंही. त्या खोलीत एकटी टेक्लाच सांगू शकत होती की आत्ता इथं काय दिलं गेलं.

टेक्ला वाल्फ्रिदकडे बघत होती.